कॉड उत्तरेला सरकला, मग ध्रुवीय कॉडने जायचं कुठे?

नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्र आहे. महासागरांच्या हिशेबात हा उथळच, सरासरी खोली साधारण २३० मीटर. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात, बर्फ जास्तीत जास्त मागे हटलेला असताना, दोन्ही देशांची संशोधन जहाजं इथे फिरतात. नकाशावर आखलेल्या ठिकाणी जायचं, ठरलेल्या मापाचं जाळं तळाला सोडायचं, पंधरा मिनिटं ओढायचं, वर घ्यायचं. आलेला एकेक मासा जातवार निवडायचा, मोजायचा, तोलायचा आणि पुढच्या ठिकाणाकडे निघायचं. २००४ पासून हे असंच चाललंय. अतिशय कंटाळवाणं काम. पण कुठल्या माशाने मुक्काम हलवला हे छातीठोकपणे सांगायचं, तर दुसरा मार्ग नाही. एखाद्या ट्रॉलरला एकदा भलत्या ठिकाणी भलताच मासा मिळाला, तर ते गप्पांना पुरतं. जाळं तेच, जागा तीच, महिना तोच आणि तरी वर येणारा मासा वर्षागणिक वेगळा, हा मात्र पुरावा.

२००४ ते २०१२ या काळातल्या अशा नोंदी घेऊन मारिया फोसहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॉड आणि हॅडॉकसारखे मोठे, मिळेल ते खाणारे, त्यातल्या त्यात कोमट पाण्यातले मासे उत्तरेला पसरले होते. उत्तरेच्या बर्फाळ पाण्यातले लहान, तळाशी राहणारे मासे मागे रेटले गेले होते. हे सगळं दहा वर्षांच्या आत.

मग बातम्यांत मथळा येतो: समुद्र तापला, मासे थंड पाण्याच्या शोधात ध्रुवाकडे निघाले. याला चूक म्हणता येत नाही, पण ते अर्धवट आहे. बॅरेंट्समधला कॉड काही उकाड्याने हैराण होऊन पळालेला नव्हता. त्याला आजवर बंद असलेलं कुरण खुलं झालं होतं. अडचण झाली ती त्या कुरणात आधीपासून राहणाऱ्यांची.

वर थंड, खाली कोमट

बॅरेंट्समध्ये दोन प्रकारचं पाणी भेटतं. नैऋत्येकडून अटलांटिकचं पाणी येतं, तुलनेने कोमट आणि जास्त खारट. उत्तरेकडचं आर्क्टिकचं पाणी शून्याच्याही खाली गेलेलं आणि कमी खारट. (समुद्राचं पाणी मिठामुळे शून्याला गोठत नाही, उणे १.९ अंशांपर्यंत द्रव राहतं.) हे दोन्ही जिथे भिडतात तिथे तापमानाची एक हद्द तयार होते. जहाजावरून काही दिसत नाही, पण थर्मामीटर खाली सोडला की काही मैलांत कित्येक अंशांचा फरक सापडतो. माशांच्या दृष्टीने हीच खरी सीमारेषा.

उत्तरेच्या भागात एक गोष्ट आपल्या अंदाजाच्या उलट असते. तिथे थंड पाणी वर आणि कोमट पाणी खाली. इतक्या कमी तापमानाला पाण्याचा जडपणा मुख्यतः मिठावर ठरतो, उष्णतेवर कमी. अटलांटिकचं पाणी कोमट असलं तरी खारट, म्हणून जड, म्हणून खाली. वरचं पाणी हलकं राहतं, कारण त्यात गोडं पाणी मिसळलेलं असतं. आता हे गोडं पाणी येतं कुठून? ध्रुवाकडून वाहत येणाऱ्या बर्फातून. समुद्राचं पाणी गोठताना बरंचसं मीठ बाहेर टाकतं, त्यामुळे समुद्री बर्फ जवळजवळ गोडा असतो. तो इथे येऊन उन्हाळ्यात वितळला की वरचा थर हलका होतो आणि खालची उष्णता खालीच अडकून राहते.

या सगळ्या व्यवस्थेचा पुरवठा त्या वाहत्या बर्फावर होता. २००० नंतरच्या दशकात तो येणं घटलं. सिग्रिड लिंड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की गोड्या पाण्याची आवक कमी झाली, तसा वरचा हलका थर पातळ होत गेला आणि खालची उष्णता वर मिसळू लागली. वर उष्णता आली की हिवाळ्यात बर्फ धरत नाही, आणि बर्फ नाही म्हणजे पुढच्या वर्षी गोडं पाणी आणखी कमी. आर्क्टिकचा एक कोपरा असा हळूहळू अटलांटिकसारखा होत चाललाय. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय. उत्तर बॅरेंट्स त्यातही पुढे.

याच प्रकाराच्या नोंदी घेणारं एक भारतीय उपकरण शेजारीच आहे, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' हे ठाणं २००८ पासून स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलसुंडमध्ये आहे, कोंग्सफ्योर्ड नावाच्या खाडीच्या काठी. २०१४ मध्ये या खाडीत 'इंडआर्क' नावाची वेधशाळा पाण्यात सोडली गेली. दोरखंडाला ओळीने लावलेली यंत्रं वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान आणि क्षारता टिपत राहतात. ही खाडी पूर्वी हिवाळ्यात गोठायची. २००६ पासून अटलांटिकचं पाणी हिवाळ्यातही आत घुसू लागलं आणि खाडीचा बराचसा भाग बहुतेक हिवाळे उघडाच राहू लागला. गोव्यातून जाणाऱ्या संशोधकांना तिथे पाणी मोजताना आता अटलांटिक कॉड आणि हॅडॉकचा शेजार असतो.

हद्द गाबोळी ठरवते

मासा हलतो म्हणजे नेमकं काय हलतं? दोन अगदी वेगळ्या गोष्टी आपण एकाच वाक्यात कोंबतो. एक, मोठा झालेला मासा खाण्यासाठी कुठवर जातो. दुसरी, त्याची अंडी आणि पिल्लं कुठे जगतात. पहिली हद्द एका उन्हाळ्यात शेकडो किलोमीटर सरकू शकते. दुसरी मात्र पिढ्यांच्या हिशेबाने हलते, आणि जात टिकणार की नाही हे ठरवते तीच.

बॅरेंट्सच्या कॉडचं वर्ष बघा. उन्हाळ्यात आणि शरदात तो उत्तरेला चरतो, अलीकडच्या उबदार वर्षांत ८० अंश अक्षांशाच्याही पलीकडे. पण अंडी घालायला मोठे मासे हिवाळ्यात पुन्हा नॉर्वेच्या किनाऱ्याला येतात, मुख्यतः लोफोटेन बेटांजवळ. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिथला हंगाम, आणि तो किमान हजार वर्षं चालू आहे. डोकी काढलेले कॉड लाकडी मांडवांवर जोडीने टांगून वाऱ्यावर सुकवतात. वसई-अर्नाळ्याकडे बोंबील बघितलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त इथे ऊन नाममात्र आणि मीठ मुळीच नाही. लोफोटेनला घातलेली अंडी किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर तरंगत उत्तरेला जातात, वाटेतच फुटतात आणि पिल्लं बॅरेंट्समध्ये पोचतात. म्हणजे कॉडची चराई जितकी उत्तरेला गेली, तितका त्याचा पाळणा गेलेला नाही. उबदार काळात अंडी घालण्याच्या जागा नॉर्वेच्याच किनाऱ्याने थोड्या वर, फिनमार्ककडे सरकतात, हे जुन्या मासेमारीच्या नोंदींतून दिसतं. पण त्या राहतात किनाऱ्यालाच.

आता ध्रुवीय कॉड घ्या. नावात कॉड आहे आणि तो कॉडच्या कुळातलाही आहे, पण आकाराने लहान, सहसा वीतभर लांबीचा. याचं सगळं आयुष्य बर्फाशी बांधलेलं. रक्तात गोठणरोधक प्रथिनं असतात. ती बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि त्यांना वाढू देत नाहीत. सर्वसाधारण समुद्री माशाचं रक्त शून्याच्या खाली अंशभराच्या आतबाहेर गोठू लागतं, याचं मात्र उणे १.९ च्या पाण्यातही बिनघोर चालतं. गंमत म्हणजे दुसऱ्या ध्रुवावरच्या, याच्याशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या अंटार्क्टिक माशांनीही जवळपास तसंच प्रथिन बनवलंय, आणि अगदी वेगळ्या जनुकापासून. उत्क्रांतीने एकच कोडं दोनदा सोडवलं, दोन टोकांना.

ध्रुवीय कॉड हिवाळ्यात बर्फाखाली अंडी घालतो. अंडी तरंगत वर येतात आणि बर्फाच्या खालच्या अंगाला विसावतात. पाणी इतकं थंड असतं की ती फुटायला कित्येक आठवडे लागतात. पिल्लं बाहेर येतात तोवर सूर्य परतलेला असतो, बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ धरलेलं असतं, आणि ते शेवाळ खाणाऱ्या कीटकांइतक्या लहान जिवांची पिल्लं यांच्या तोंडात मावतील एवढी झालेली असतात. काही आठवड्यांचा हा मेळ. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतल्या फ्लेमिंग डाल्के आणि सहकाऱ्यांनी ही अंडी प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तापमानाला ठेवून बघितली. शून्य ते दीड अंशांदरम्यान ती सर्वांत चांगली जगली. तीन अंशांच्या पुढे मरतुक वाढत गेली. अटलांटिक कॉडच्या अंड्यांना मात्र याहून बरंच कोमट पाणी मानवलं. मोठा झालेला ध्रुवीय कॉड पाच-सहा अंशांच्या पाण्यातही खातो-पितो, पोहतो. म्हणून फक्त मोठे मासे मोजले, तर सगळं आलबेल आहे असं वाटू शकतं.

हे एकट्या ध्रुवीय कॉडपुरतं नाही. याच गटाने २०२० मध्ये ६९४ जातींचा आढावा घेतला आणि तापमानाला सर्वांत नाजूक कोण, याचं उत्तर काढलं: अंड्यातला गर्भ आणि गाबोळीने भरलेली मादी. कारण ऑक्सिजन. गर्भाला कल्ले नसतात, जे काही मिळतं ते कवचातून झिरपून. मादीला स्वतःच्या शरीराशिवाय गाबोळीलाही पुरवायचा असतो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि थंड रक्ताच्या प्राण्याची गरज नेमकी त्याच वेळी वाढते. दोन्हीकडून कोंडी. जातीचा नकाशा काढायचा तर तो पोहणाऱ्या माशांच्या ठिपक्यांवरून न काढता अंडी जगतात त्या पाण्यावरून काढावा, असं माझं मत या संशोधनानंतर झालंय. दुर्दैवाने सर्वेक्षणाच्या जहाजांना बर्फाखालची अंडी मोजता येत नाहीत, त्यामुळे आपल्या हातात बहुतेक नकाशे पहिल्या प्रकारचेच असतात.

चरबीचा हिशेब

कॉड उत्तरेला गेला की पहिली गोष्ट काय करतो? खातो. कॅपेलिन नावाचे छोटे मासे, कोळंबी, स्वतःचीच पिल्लं, आणि ध्रुवीय कॉड. गरम पाण्याने अंडी मारायच्या आधीच मोठ्यांना गिळणारा दारात उभा.

त्याच्या खालच्या पायरीवरही बदल होतोय. आर्क्टिकच्या अन्नसाखळीचा कणा म्हणजे कॅलॅनस नावाचे तांदळाच्या कणीएवढे कवचधारी जीव. भिंगाखाली धरला तर पारदर्शक शरीरात लांबट, चकचकीत तेलाची पिशवी दिसते, आणि थंड पाण्यातल्या जातींत ती शरीराचा केवढातरी भाग व्यापून असते. सूर्य वर्षातून थोडेच महिने, शेवाळ त्याहून कमी दिवस. तेवढ्यात कमवायचं आणि उरलेलं वर्ष खोल पाण्यात त्या तेलावर काढायचं, अशी यांची रीत. अटलांटिकच्या पाण्याबरोबर येणारा याचा भाईबंद लहान असतो आणि त्याच्यात तेल बरंच कमी. मोजणीत कॅलॅनसची संख्या तेवढीच भरेल, पण ते खाणाऱ्याच्या पोटात पडणाऱ्या उष्मांकात तफावत पडते. स्वालबार्डला घरटी करणाऱ्या छोट्या ऑक पक्ष्यांना ती लगेच जाणवते, कारण पिल्लाला भरवण्यासाठी प्रत्येक खेपेला किती तेल आणलं यावरच त्यांचं गणित चालतं. सील, व्हेल आणि पक्षी यांना कॅलॅनसची चरबी पोचवणारा मुख्य मध्यस्थ पुन्हा तोच ध्रुवीय कॉड.

सुसाने कोर्त्श यांनी बॅरेंट्समध्ये कोण कोणाला खातो याचं जाळंच मांडून पाहिलं. आर्क्टिकमधलं जुनं जाळं सुटंसुटं होतं: तळाचे जीव आपापसांत, वरच्या पाण्यातले आपापसांत, मधले दुवे थोडे. कॉड आणि हॅडॉक दोन्हीकडे हात मारतात, त्यामुळे ते आल्याबरोबर सगळं एकमेकांत गुंतलं. अशा गुंतलेल्या व्यवस्थेत एका टोकाला धक्का बसला की तो लवकर दुसऱ्या टोकाला पोचतो.

पुढे तळ संपतो

मग कॉड असाच ध्रुवापर्यंत जाणार का? इथे तापमान सोडून दुसऱ्या गोष्टी मध्ये येतात, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लोकप्रिय लिखाणातून तो हमखास गळतो.

पहिली अडचण तळाची. कॉड उथळ मंचावरचा, म्हणजे किनाऱ्यालगत पाण्याखाली पसरलेल्या खंडाच्या उथळ भागावरचा मासा, खाणं बरंचसं तळाजवळचं. बॅरेंट्सचा मंच स्वालबार्ड आणि फ्रान्स जोसेफ लँडच्या थोडं उत्तरेला संपतो आणि तिथून तळ हजारो मीटर खाली जातो. मध्य आर्क्टिक महासागराची खोली कित्येक ठिकाणी चार हजार मीटर आहे. पाणी कितीही कोमट झालं तरी तिथे तळ वर येणार नाही. उत्तरेला हटणाऱ्या आर्क्टिक माशांचीही हीच गोची. तळाशी चिकटून राहणारे स्नेलफिश, ईलपाउट, स्कल्पिन यांना मागे कॉड आणि पुढे कडा.

अर्थात निसर्गात कड्यावरून उतरणारेही असतात. 'पोलारस्टर्न' हे जर्मन जहाज २०१९-२० मध्ये बर्फात अडकून वर्षभर वाहत गेलं, त्या मोझाइक मोहिमेत बर्फाला भोक पाडून खोल पाण्यात गळ सोडले होते. साधारण ३५० ते ४०० मीटर खोलीवर, कोमट अटलांटिक पाण्याच्या थरात, चक्क अटलांटिक कॉड सापडले. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या वंशाचे, आणि काही वर्षं तिथे राहिलेले. माशाचं वय त्याच्या कानातल्या खड्यावरच्या वर्तुळांवरून मोजतात, त्यावरून हे कळलं. पण मासे होते अगदी थोडे. त्या पाण्यात अन्नच इतकं विरळ आहे की मोठ्या थव्याचा निभाव लागणं कठीण.

दुसरी अडचण उजेडाची. न्यू-ओलसुंडला ऑक्टोबरच्या अखेरीला सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर वर येतो. कॅलॅनससारखं बारीक भक्ष्य टिपणारे हेरिंग, मॅकरेल यांचे डोळे उजेडावर अवलंबून. उन्हाळ्यात उलट अडचण: चोवीस तास उजेड, त्यामुळे अंधारात लपत-छपत वर येऊन खाण्याची सोय नाही. पृथ्वीचा अक्ष किती कललाय, याच्याशी कार्बन डायऑक्साइडचा काही संबंध नाही. तापमानाची हद्द उत्तरेला सरकत राहील, रात्र मात्र तेवढीच लांब राहील. बर्फ गेल्याने उन्हाळ्यात पाण्यात जास्त उजेड शिरतो हे खरं, पण हिवाळ्याचं काय? फक्त तापमानावर आखलेले भविष्याचे नकाशे म्हणूनच जरा जपून वाचावेत.

बेरिंगमध्ये थंडीचं कुंपण पडलं

अलास्काच्या पश्चिमेच्या बेरिंग समुद्रात हाच खेळ थोड्या वेगळ्या नियमांनी होतो. हिवाळ्यात बर्फ तयार होताना जड, थंड पाणी तळाशी बसतं आणि उन्हाळाभर तिथेच राहतं. दोन अंशांखालच्या या पाण्याच्या पट्ट्यात पोलॉक आणि पॅसिफिक कॉड शिरत नाहीत. उत्तरेतल्या स्नो खेकड्यांना तो आसरा. २०१८ च्या हिवाळ्यात समुद्रावर बर्फ नोंदींतला सर्वांत कमी धरला आणि तो पट्टा जवळजवळ उरलाच नाही. २०१० च्या सर्वेक्षणात उत्तर बेरिंगमध्ये नावाला असलेला पॅसिफिक कॉड आता तिथे भरपूर सापडू लागला. त्याच सुमाराला स्नो खेकड्यांची संख्या कोसळली, दहा अब्जांहून जास्त खेकडे नाहीसे झाले. २०२३ मधल्या विश्लेषणानुसार मुख्य कारण उपासमार: कोमट पाण्यात भूक वाढली, आणि खेकडे दाटीने एका लहान जागेत अडकलेले. २०२२ चा हंगाम इतिहासात पहिल्यांदाच रद्द करावा लागला. २०२४ मध्ये तो अगदी लहान कोट्याने परत सुरू झाला.

दक्षिणेला पळायलाही जागा नाही

आर्क्टिक म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र, अंटार्क्टिक म्हणजे समुद्राने वेढलेली जमीन. माशांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा. अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या प्रचंड प्रवाहाने तिथलं पाणी कोट्यवधी वर्षं बाकीच्या महासागरांपासून वेगळं ठेवलं. तापमान जवळपास स्थिर, म्हणून मासेही त्या अरुंद पट्ट्यासाठीच घडले. तिथल्या काही जाती पाच-सहा अंशांना मरतात, हे १९६० च्या दशकातच प्रयोगांत दिसलं होतं. पुण्या-मुंबईच्या फ्रिजमधल्या पाण्यात ज्यांचा उकाड्याने जीव जाईल, असे हे मासे. त्यांतल्या बर्फमाशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं, रक्त पाण्यासारखं दिसतं. अतिथंड पाण्यात ऑक्सिजन मुबलक विरघळलेला असतो, तेव्हा त्यावाचून भागतं. पाणी तापलं की भागणार नाही.

आणि सरकायचं कुठे? ध्रुवाकडे खंड आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने जास्त थंड उपसागर गाठणं एवढाच पर्याय. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला समुद्री बर्फ घटला तसा चंदेरी सिल्व्हरफिश तिथून कमी झाला. त्याचीही अंडी बर्फाखालीच वाढतात. नैऋत्य अटलांटिकमधला क्रिल हा कोळंबीसारखा छोटा जीवसुद्धा दक्षिणेकडे आकसतोय.

उरलेल्या थंड जागांचं मोल किती, हे २०२१ मध्ये वेडेल समुद्रात अचानक दिसलं. 'पोलारस्टर्न'वरून तळाजवळ ओढत नेलेल्या कॅमेऱ्यात एकामागून एक खळगी दिसायला लागली. प्रत्येक पाऊण मीटर रुंद, मध्ये खडे उघडे केलेले, त्यांवर दीड-दोन हजार अंडी, आणि बहुतेक ठिकाणी राखण करत बसलेला एक बर्फमासा. हे दृश्य संपेचना. साधारण २४० चौरस किलोमीटरमध्ये मिळून ६ कोटी घरटी असावीत असा अंदाज निघाला. घरटी जिथे होती तिथे तळाचं पाणी आसपासच्यापेक्षा किंचित कोमट होतं. म्हणजे इतकी मोठी वसाहत एक-दोन अंशांच्या फरकावर उभी. हा समुद्र संरक्षित करण्याच्या युरोपीय संघाच्या प्रस्तावाला भारताने २०२१ मध्ये पाठिंबा दिला. पण अंटार्क्टिक सागरी संपत्तीच्या आयोगात निर्णय एकमताने होतात, आणि एकमत काही झालेलं नाही.

कोटा कोणाचा?

मासा हद्द ओलांडतो तेव्हा पासपोर्ट लागत नाही, कोटा मात्र लागतो. अटलांटिक मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातलाच मासा, २००७ पासून आइसलँडच्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. पुढच्याच वर्षी आइसलँडने लाख टनांच्या वर पकडला. आधीपासून कोटा वाटून घेणारे नॉर्वे आणि युरोपीय संघ संतापले. आइसलँडचं म्हणणं साधं होतं: मासा आमच्या पाण्यात चरतो, मग आमचा वाटा का नाही? ग्रीनलँडनेही २०११ पासून सुरुवात केली. प्रत्येकाने आपापला कोटा ठरवला, सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांच्या शिफारशीच्या वर जात राहिली, आणि २०१९ मध्ये या मासेमारीचं शाश्वततेचं प्रमाणपत्र निलंबित झालं. मग २०२० च्या सुमाराला मॅकरेल आइसलँडच्या पाण्यातून बराचसा मागे फिरला. वाटा मागायचा तो कुठल्या वर्षीचा नकाशा समोर ठेवून?

कॉडच्या बाबतीत नॉर्वे आणि रशिया शहाणे निघाले. शीतयुद्धाच्या काळात, १९७० च्या दशकात, दोघांनी संयुक्त आयोग नेमला आणि तो आजही कोटा ठरवतो. २०१३ मध्ये कोटा १० लाख टनांवर गेला, तेव्हा कॉड उत्तरेला खूप दूरवर पसरलेला होता. श्रेय उबदार पाण्याला तसंच आधीच्या वर्षांतल्या संयमालाही. पण पसरणं म्हणजे कायमची भरभराट नव्हे. २०२५ चा कोटा ३ लाख ४० हजार टन होता, कारण बरीच वर्षं नवी पिल्लं नीट जगलेली नाहीत. हा मासा याआधीही असा फसवून गेलाय: १९२०-३० च्या उबदार काळात तो पश्चिम ग्रीनलँडला आला, त्यावर तिथे मोठा धंदा उभा राहिला, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाणी गार झालं नि उपसाही बेसुमार झाला तेव्हा सगळं बसलं.

बेरिंगच्या मध्यावर कोणत्याच देशाच्या हद्दीत नसलेला एक तुकडा आहे. १९८० च्या दशकात बऱ्याच देशांचे ट्रॉलर तिथे पोलॉकवर तुटून पडले. १९८९ मध्ये सुमारे १४ लाख टन निघाला, आणि तीन वर्षांत साठा संपला. १९९४ मध्ये करार झाला, पण मासा परतला नाही. हे आठवणीत ठेवूनच मध्य आर्क्टिकच्या २८ लाख चौरस किलोमीटर खुल्या समुद्राबाबत उलटा क्रम धरला गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रीनलँडच्या इलुलिसात गावात नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी सह्या केल्या, आणि २५ जून २०२१ पासून करार लागू झाला. मासा किती आहे, येतो की नाही, हे नीट अभ्यासल्याशिवाय तिथे व्यापारी मासेमारी नाही. चीन, जपान, दक्षिण कोरिया हे दूर जाऊन मासेमारी करणारे देशही त्यात आहेत. मुदत सोळा वर्षांची, २०३७ पर्यंत. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी आपोआप वाढत जाते, मात्र एकाही सदस्याने हरकत घेतली तर वाढत नाही.